ऊन लख्ख, वारा नाही, तरी समुद्र का उसळतो? पोवळ्याच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटेची उकल

२०२४ च्या जुलैअखेरीस आपल्याकडे घटप्रभा आणि कृष्णा पात्र सोडून शिवारात शिरल्या होत्या. नेमक्या त्याच आठवड्यात एक फोटो बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मोबाईलांवर फिरत होता. पॅरिस ऑलिंपिकमधला ब्राझीलचा सर्फर, म्हणजे फळीवर उभा राहून लाटेवर स्वार होणारा खेळाडू, गॅब्रिएल मेदिना समुद्राच्या वर, हवेत ताठ उभा. हाताचं एक बोट आभाळाकडे. त्याची फळीही शेजारी तशीच उभी. आमच्या ग्रुपवर पहिला शेरा पडला, "खोटं हाय गा, कंप्युटरवर केलंय." दुसऱ्याने विचारलं, "पॅरिसात समुद्र कुठला?"

फोटो खरा होता. एएफपी वृत्तसंस्थेच्या जेरोम ब्रुइये यांनी तो २९ जुलैला टिपला. मेदिना लाट संपवून तिच्या पाठीवरून बाहेर उडी मारत होता, आणि त्या लाटेला त्याला १० पैकी ९.९० गुण मिळाले. दुसरा प्रश्न मात्र बिनतोड होता. पॅरिसात समुद्र नाही. ऑलिंपिकचं सर्फिंग झालं ते पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या, फ्रान्सच्याच अखत्यारीतल्या ताहिती बेटाच्या तेआहुपो गावासमोर, पोवळ्याच्या कड्यावर, म्हणजे रीफवर. फ्रान्सला स्वतःचा अटलांटिक किनारा आहे, तिथे सर्फिंग जोरात चालतं. तरी एवढ्या लांब का जायचं? कारण जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर चांगल्या लाटेची खात्री नाही, आणि तेआहुपोला त्याच महिन्यांत ती बऱ्यापैकी असते.

ही खात्री कुठून येते, ते समजलं तर सुट्टीत चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या आपल्यासारख्यांच्याही कामाचं आहे.

### लाट येते म्हणजे पाणी येतं ना?

नाही. निदान खोल समुद्रात तरी नाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे एखादा नारळ तरंगत असेल तर त्याच्याकडे बघत राहा. लाट आली की तो वर चढतो, जरासा पुढे सरकतो, मग खाली येतो आणि जरासा मागे येतो. लाट निघून जाते, नारळ जवळजवळ होता तिथेच. पाणी आपल्या जागी गोल फिरतं. पुढे जाते ती ऊर्जा.

ही ऊर्जा वाऱ्याची. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर लाट ठरते. तिसरी गोष्ट आपण विसरतो. आषाढात हिडकल धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं तर वारा टोपी उडवून नेतो, पण पाण्यावर उठतात त्या आखूड, चिडखोर लाटा. वारा कमी नसतो, पाणी कमी पडतं. काही किलोमीटरांत दुसरा काठ येतो आणि लाटेची वाढ तिथेच खुंटते.

आता पृथ्वीच्या तळाकडे, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात या. दक्षिणेच्या ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वादळं एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात, आणि आपल्या पावसाळ्याचे महिने म्हणजे तिथला ऐन हिवाळा. तेआहुपोच्या लाटा तिथे जन्मतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम.

### पण किनाऱ्यावर वाराच नाही, मग लाट कशी?

वादळाच्या पोटात लाटा कशाही, एकमेकींवर चढलेल्या असतात. तिथून बाहेर पडल्या की त्यांची आपोआप वर्गवारी होते. लांब लाटा वेगाने पुढे निघतात, आखूड मागे राहून विरतात. हजारो किलोमीटर गेल्यावर उरतात त्या लांब, गुळगुळीत, ठराविक अंतराने येणाऱ्या लाटा. त्यांना सर्फर मंडळी 'स्वेल' म्हणतात. दोन लाटांमधल्या सेकंदांना 'पीरियड' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकीची परिभाषा सोडून दिली तरी चालेल.

पीरियडचं महत्त्व आकड्यांत बघा. ८ सेकंदांची लाट खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने धावते आणि तिची लांबी १०० मीटर असते. १६ सेकंदांची लाट ताशी ९० किलोमीटरने धावते आणि तिची लांबी ४०० मीटर. पीरियड दुप्पट झाला की वेग दुप्पट, पण लांबी चौपट. लाटेला समुद्राचा तळ तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जाणवू लागतो. म्हणजे पहिलीला ५० मीटरवर, दुसरीला २०० मीटरवरच. बातमीत 'दोन मीटरच्या लाटा' एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण उंचीच बघतो. उंची तीच असली तरी १६ सेकंदांची लाट किनाऱ्याला दुप्पट ऊर्जा घेऊन येते. खरं तर पीरियडचा आकडा आधी छापायला हवा.

एवढ्या लांबून लाटा येतात हे कुणी सिद्ध केलं? वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत उभी करणाऱ्यांपैकी ते एक. १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून सामोआ, हवाई अशा ठाण्यांवरून थेट अलास्कापर्यंत मोजमापं घेतली आणि दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा दहा हजार किलोमीटरहून लांब अलास्कात पोचताना पकडल्या. वादळाच्या आसपासचा पट्टा सोडला तर वाटेत त्यांची ऊर्जा फारशी घटलेली नव्हती.

हिंदी महासागरातही हेच घडतं. सगळा लाटांचा ताफा एका लाटेच्या निम्म्या वेगाने सरकतो, म्हणजे १६ सेकंदांचा स्वेल ताशी ४५ किलोमीटरने. दक्षिणेतल्या वादळापासून आपला किनारा सात हजार किलोमीटरच्या आसपास. हिशेब केला तर सहा-सात दिवस. मागच्या आठवड्यात कुणीही न पाहिलेल्या वादळाची लाट आज ऊन लख्ख असताना येऊन आदळते. केरळचे मच्छीमार याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे आधीच देते.

### कड्यावर नेमकं काय होतं?

लाट तळाला लागली की तिचा वेग कमी होतो. इथून पुढे चिकोडीकडचा ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. डांबरी रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर एकमेकांपासून लांब लांब, जोरात येत असतात. कारखान्याकडे वळणारा कच्चा, खड्ड्यांचा रस्ता लागला की पुढचा हळू होतो, मागचा त्याच्या जवळ येतो, अंतरं मिटत जातात. मिनिटाला जेवढे ट्रॅक्टर येत होते तेवढेच येतात, फक्त दाटी होते. लाटांचंही तसंच. पीरियड तोच राहतो, लांबी आखडते, आणि तेवढीच ऊर्जा कमी जागेत कोंबली गेल्याने लाट उंच होते. आणखी एक. ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक चिखलात गेलं की अख्खी ट्रॉली त्या बाजूला ओढली जाते. लाटेचं एक टोक उथळ पाण्यावर आणि दुसरं खोलात असलं की तीही उथळाकडे वळते. म्हणून कड्याच्या टोकाशी लाटा बाकदार होऊन त्याला वेढा घालतात.

लाट फुटते कधी? ढोबळ हिशेबाने पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की. माथा अजून वेगात असतो, पायथा अडलेला, आणि माथा पुढे कोसळतो.

आता उतार कसा आहे यावर सगळं अवलंबून. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर खोली हळूहळू कमी होते, लाट थोडी थोडी ऊर्जा सांडत येते आणि फेसाळत संपते. कळंगुटला गुडघाभर पाण्यात पोरं खेळतात ती लाट हीच. पोवळ्याच्या कड्यावर मात्र खोल पाण्यातून भरधाव आलेल्या लाटेसमोर एकदम भिंत उभी राहते. सांडायला वेळच मिळत नाही. माथा सरळ खाली न पडता पुढे झेपावतो आणि आत पोकळ बोगदा तयार होतो. अशा कड्यावर फुटणाऱ्या लाटेची जागा म्हणजे 'रीफ ब्रेक'. सर्फर ज्या बोगद्यातून जायला जीव टाकतात तो याच अचानकपणातून येतो, आणि माणसं जखमी होतात तीही त्यामुळेच. एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

तेआहुपोच्या लाटेचं आणखी एक वैशिष्ट्य. तिच्या पुढ्यातलं पाणी कड्यावरून उलटं ओढलं जातं, त्यामुळे ती उंच होण्याऐवजी जाड होते आणि समुद्रसपाटीच्याही खाली खचल्यासारखी दिसते. एक घनमीटर समुद्राचं पाणी टनभराहून जास्त भरतं. फोटोत ते वजन दिसत नाही.

### मग आपल्याकडेही पोवळं आहे की!

आहे. मालवणजवळ आहे, मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेटाभोवती आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात तर आंग्रिया बँक हे पोवळ्याचं मोठं पठारच आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. पण त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर. वरचा सव्वापटीचा हिशेब लावला तर तिथे लाट फुटायला ती पंधरा-सोळा मीटर उंच लागेल. सुरमई-पापलेट आणि शास्त्रज्ञांना ते पठार मोलाचं, सर्फरला बिनकामाचं.

शिवाय आपला पश्चिम किनारा उथळ. महाराष्ट्र-गोव्याला समुद्राचा तळ कित्येक किलोमीटर हळूहळू उतरत जातो, लांब लाटा त्या तळाला घासत येतात आणि ताकद घालवून बसतात.

तिसरं कारण आपल्या खानापूर तालुक्यातून निघतं. पोवळं म्हणजे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेला चुनखडीचा सांगाडा. त्याला उबदार, खारं आणि नितळ पाणी लागतं. देगावजवळ उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात गोडं, गढूळ पाणी ओतत राहते. कोकणातल्या सगळ्याच नद्या तेच करतात. अशा मुखाशी पोवळं तग धरत नाही.

गंमत म्हणजे ताहितीतली लाट याच नियमाने घडली. तिथेही डोंगराच्या दरीतून नदी उतरते, तिच्या गोड्या पाण्यापुढे पोवळं वाढत नाही, आणि बेटाभोवतीच्या कड्यात तेवढीच एक खिंड मोकळी राहते. लाट कड्यावर फुटत फुटत खिंडीकडे येते आणि खोल पाणी लागताच शांत होते. म्हणून फोटोग्राफरांच्या होड्या त्या राक्षसी लाटेपासून हाकेच्या अंतरावर निवांत उभ्या दिसतात. कड्यावर चढलेलं पाणीही याच खिंडीने समुद्रात परत जातं आणि सर्फरला फुकटात बाहेर नेऊन सोडतं.

### "आम्ही विहिरीत पोहायला शिकलोय, भ्यायचं काय?"

पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून शिकवलेल्या पिढीचा हा प्रश्न. पोहणं यावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण रीफवर पोहण्याचा उपयोग लाट डोक्यावरून गेल्यानंतर सुरू होतो. फळीवरून पडलेला माणूस दहा-पंधरा सेकंद पाण्याखाली गरगरत राहतो, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. तेव्हा हातपाय मारून दम घालवायचा नसतो, डोकं हातांत धरून शांत राहायचं असतं. विहिरीत मारतो तसा सूर तर मुळीच मारायचा नाही. खाली मीटर-अर्धा मीटर पाणी आणि मग धारदार पोवळं. पडायचं ते पसरून, उथळ.

तेआहुपोला ऑलिंपिकच्या सुरुवातीलाच फ्रान्सची जोहान दफे हिचं डोकं कड्यावर आपटलं. चार टाके पडले. ती पुन्हा पाण्यात उतरली आणि कांस्यपदक घेऊन गेली. तिच्याजवळ बचावाच्या जेटस्की होत्या, डॉक्टर होते. दुर्गम बेटावर यातलं काही नसतं. पोवळ्याने कापलं की त्याचे बारीक कण जखमेत अडकतात आणि ती चिघळते. स्वच्छ पाण्याने घासून धुवावी लागते, कितीही झोंबलं तरी. ताहितीत वरून लिंबू पिळायची पद्धत आहे.

या जागा सापडल्या त्यासुद्धा अशाच आडवळणाने. १९७३ मध्ये टोनी हाइंड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची बोट मालदीवच्या कड्यावर फुटली. बोट दुरुस्त होईपर्यंत त्याने आजूबाजूच्या लाटा पाहिल्या आणि पुढे तिथलाच झाला. इंडोनेशियाच्या नियास बेटावरची लागुंद्रीची लाट १९७५ मध्ये तिघा ऑस्ट्रेलियनांनी गाठली, मलेरियाच्या मुलखात. आपल्या देशातला असा पत्ता म्हणजे लिटल अंदमानचा कुमारी पॉइंट. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हट बे. त्यापुढची वाट सोपी नाही, आणि बेटाच्या मोठ्या भागात ओंगे आदिवासींचं राखीव क्षेत्र असल्याने तिकडे बाहेरच्यांना मज्जाव आहे. तो असायलाच हवा. लाट पकडायला कुणाच्या घरात घुसायचं कारण नाही.

### मग बेळगावच्या माणसाने हे का वाचायचं?

सरळ रेषेत समुद्र आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. शनिवारी रात्री ठरतं, रविवारी सकाळी गाडी मालवण, गोवा किंवा कारवारला. आणि रीफवरच्या सर्फरला जी गोष्ट बाहेर नेते, तीच वाळूच्या किनाऱ्यावर आपल्याला ओढून नेते.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात कुठेतरी खोलगट पट्टा असतो, पाणी त्यातून जोरात आत, खोल समुद्राकडे जातं. कोकणात 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात ती ही. फसवं हे, की खोल असल्यामुळे त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पाणी. लहान पोरं घेतलेला बाप नेमकी तीच जागा निवडतो.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत फेस दिसतो त्या बाजूला या. ओढ अरुंद असते आणि खाली खेचत नाही, आत नेते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांची नजर असते, तिथेच उतरा.

लाटा झुंडीने येतात, हेही ध्यानात ठेवा. दहा मिनिटं खडकापर्यंत पाणी आलं नाही म्हणजे अकराव्या मिनिटाला येणार नाही असं नाही. मे २०२४ मध्ये कन्याकुमारीजवळ वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी समुद्राने ओढून नेले, तेव्हा स्वेलचा इशारा दिलेला होता आणि वादळ जवळपास कुठेच नव्हतं. निघण्याआधी आपण पाऊस बघतो. इन्कॉइसचा इशाराही मोबाईलवरच मिळतो.

### "पोवळं म्हणजे दगडच. मोडलं तर काय बिघडतं?"

ऑलिंपिकसाठी तेआहुपोला पंचांचा नवा ॲल्युमिनियमचा मनोरा उभारायचं ठरलं तेव्हा हा वाद पेटला. डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीसाठी आणलेल्या तराफ्याने पोवळं चिरडलं आणि वाद आणखी चिघळला. शेवटी मनोरा आकाराने आणि वजनाने कमी करून बसवला. गावकऱ्यांचं म्हणणं भावनिक नव्हतं. त्या कड्यामागच्या शांत पाण्यात त्यांची मासेमारी चालते. जगभरच्या मोजमापांनुसार पोवळ्याचा कडा येणाऱ्या लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवतो. कडा खचला की ती ऊर्जा थेट घरादारावर येते. आपल्या लक्षद्वीपची सगळी वस्ती अशाच कड्यांच्या आड आहे, आणि तिथलं पोवळं पाणी तापल्याने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरं पडून मेलं. २०२४ मध्ये पुन्हा तेच.

कड्याची उंची थोडी बदलली तरी लाट बदलते, याचा पुरावा निसर्गानेच दिला. मार्च २००५ च्या भूकंपात नियासचा किनारा वर उचलला गेला. त्या भागातल्या काही लाटा कायमच्या गेल्या. लागुंद्रीची मात्र आणखी पोकळ आणि कडक झाली.

### हा पैसेवाल्यांचाच खेळ ना?

ताहितीला जाणं, होय. खेळ म्हणाल तर नाही. मंगळूरजवळच्या मुल्कीला सर्फिंग शिकवणं सुरू होऊन वीसेक वर्षं झाली, आणि भारताचे बरेच चांगले सर्फर तमिळनाडू-केरळच्या मच्छीमार वस्त्यांतून आलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत कर्नाटकच्या रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय.

२०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांत सर्फिंगचा पहिल्यांदाच समावेश आहे. टीव्हीवर बघताना दोन गोष्टी कामाला येतील. प्रत्येक लाटेला १० पैकी गुण, आणि खेळाडूच्या सर्वोत्तम दोनच लाटा धरतात, म्हणजे एकूण २० पैकी. बुदिहाळचे अंतिम फेरीतले गुण होते १२.६०. दुसरी गोष्ट, जपानमधली ताहारा इथली जागा वाळूच्या किनाऱ्याची आहे, तिथे पोवळ्याचा कडा नाही. मेदिनाच्या फोटोतल्यासारखा बोगदा तिथे शोधू नका. लाटेच्या अंगावर किती वळणं घेतली, किती जोरात घेतली, गुण त्याचे मिळतात.